खिशातला ॲम्प खरंच कोणाला लागतो?

चांगला हेडफोन घरात आला की आठवडाभरात पुढचा प्रश्न डोकं वर काढतो: याला ॲम्प लागेल का? दुकानदार ‘लागेलच’ म्हणतो, कारण तो त्याच्याकडे विकायला आहे. हौशी मित्र म्हणतो, ‘ॲम्पशिवाय तू हा हेडफोन ऐकलाच नाहीस.’ घरचे म्हणतात, आणखी एक डबी? तिघांपैकी घरच्यांचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं, असं माझं मत आहे. ते का खरं असतं आणि कुठे चुकतं, हे पाहायला मात्र जरा खोलात जावं लागतं.

आधी हद्द आखून घेऊ. विषय आहे तो गाडीत, रस्त्यात, बागेत फिरताना ऐकण्याचा. रात्री निजानीज झाल्यावर खुर्चीत रेलून ऐकणं ही वेगळी चैन आहे. तिचे नियम वेगळे आणि खर्चही वेगळा. सगळा घोळ होतो तो दोन्हींची सरमिसळ केल्यामुळे. खुर्चीसाठी बनलेला हेडफोन डोंबिवलीच्या गाडीत नेला की तो हळू वाजतो. मग त्याला ॲम्प घ्यायचा, ॲम्पला जास्तीची वायर, ती वायर फोनला जोडायला आणखी एक पिन, आणि हे सगळं मावेल अशी पिशवी. एका चुकीच्या खरेदीचा वंश असा वाढत जातो.

या सरमिसळीला इतिहास आहे. संगीत ऐकण्यासाठीचा स्टिरिओ हेडफोन मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी १९५८ साली आणला. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने एचडी ४१४ हा उघड्या पाठीचा हेडफोन काढला. त्याचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तब्बल २००० ओहम होता. हे सगळे हेडफोन भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या जाडजूड यंत्रांना जोडायचे, त्यामुळे विजेची काटकसर करायचं कोणाला कारणच नव्हतं. १ जुलै १९७९ रोजी सोनीने जपानमध्ये वॉकमन विकायला काढला आणि गणित फिरलं. टीपीएस-एल२ नावाचं ते पहिलं मॉडेल दोन पेन्सिल सेलवर चालायचं. तेवढ्या ताकदीत कॅसेटची मोटारही फिरवायची आणि कानातही वाजवायचं. म्हणून सोबतचा हेडफोन सुमारे ५० ग्रॅमचा आणि थोडक्या विजेत भरपूर वाजणारा होता. आखातातल्या काकांनी आणलेला वॉकमन ज्यांच्या घरात होता, त्यांना ती कानावरची फोमची गादी आणि काही वर्षांनी होणारा तिचा भुगा, दोन्ही आठवत असतील.

थोडक्यात, फिरताना ऐकायचा हेडफोन जन्मापासूनच अल्पसंतुष्ट आहे. ॲम्पची गरज पडली ती घरचा हेडफोन बाहेर नेऊ पाहणाऱ्यांना. अशा लोकांसाठी अमेरिकेत, मोंटाना राज्यातल्या बोझमन गावात १९९२ मध्ये हेडरूम ही कंपनी निघाली आणि हेडफोनचे ॲम्प विकू लागली. त्याच दशकाच्या अखेरीस चू मॉय नावाच्या गृहस्थांनी एक सोपं सर्किट सगळ्यांसाठी खुलं केलं: एक ऑप-ॲम्प चिप, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर आणि ९ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी. हे सगळं पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत अगदी नेमकं बसायचं. डबीला भोकं पाडायची, त्यांत जॅक आणि आवाजाची खुंटी बसवायची, आत वायरी पत्र्याला टेकून शॉर्ट होऊ नयेत म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा. ‘सीमॉय’ या नावाने हा ॲम्प जगभरातल्या हौशी मंडळींनी बनवला. सोल्डरिंग येत असेल तर लॅमिंग्टन रोडवर एक चक्कर मारून त्याचं सामान आजही जमवता येतं, आणि ॲम्प म्हणजे काय हे कळायला त्यासारखी शाळा नाही.

पुढचं पात्र याहून मजेशीर. २०११ मध्ये ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ असं टोपणनाव घेतलेल्या एका इंजिनिअरने ओ२ नावाचा ॲम्प आखला आणि मोजमापांसकट त्याचा आराखडा लोकांच्या हवाली केला. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालणारा, सुट्या भागांचा खर्च साधारण ३० डॉलर. त्याचं म्हणणं असं, की माणसाच्या कानाला जाणवेल असा कोणताही दोष यात उरलेला नाही. तेव्हा दहापट किमतीचा ॲम्प याहून चांगला ऐकू येतो असं म्हणणाऱ्याने डोळे बांधून ते सिद्ध करावं. महागडे ॲम्प विकणारे अर्थातच भडकले. २०१२ नंतर हा माणूस जो गप्प झाला तो आजतागायत. माणूस गेला तरी त्याचं म्हणणं टिकलं. आज फोन आणि हेडफोन यांच्या मधे लावायच्या साध्याशा डोंगलमधली चिप इतकी स्वच्छ वाजते, की ‘ॲम्पमुळे आवाज मोकळा झाला’ असं कोणी सांगितलं, तर आधी दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर ठेवून ऐकलं होतं का, हे विचारावं. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो. दुकानांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आता आकडे. ते टाळता येत नाहीत, पण दोनच आहेत आणि खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेले असतात. एक म्हणजे सेन्सिटिव्हिटी: ठरावीक वीज दिली तर किती डेसिबल आवाज निघतो. दुसरा इम्पिडन्स. यात कंपन्या एक खोडी करून ठेवतात. कोणी सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॅटला सांगतं, कोणी एका व्होल्टला. ३२ ओहमच्या एकाच इअरफोनच्या या दोन आकड्यांत १५ डेसिबलचा फरक पडतो. तेव्हा दोन खोकी शेजारी धरून तुलना करण्याआधी आकड्यापुढचं एकक वाचा.

क्षणभराच्या शिखराचा आवाज ११० डेसिबल धरू. एवढ्यावर सतत ऐकायचं नसतं, पण तबल्याची थाप किंवा ऑर्केस्ट्राचा कळस सरासरीच्या बराच वर उडी मारतो. त्या उडीसाठी जागा राखायची. ३२ ओहमचा, एका व्होल्टला ११८ डेसिबल देणारा साधा इअरफोन तिथे ०.४ व्होल्टमध्ये पोहोचतो. पाच मिलिवॅटचं काम. सेनहायझरचा प्रसिद्ध एचडी ६५० घ्या: ३०० ओहम, एका व्होल्टला १०३ डेसिबल. त्याला सव्वादोन व्होल्ट लागतात. ॲपलचं डोंगल १ व्होल्टच्या आसपास थांबतं, बऱ्याच फोनचे जॅक त्याच्याही अलीकडे. वीज मात्र त्याला फार लागत नाही, जेमतेम १७ मिलिवॅट. तिसरं उदाहरण प्लॅनर जातीच्या हेडफोनचं: २५ ओहम, एका मिलिवॅटला ९१ डेसिबल. इम्पिडन्स इअरफोनपेक्षाही कमी, म्हणून लोक फसतात. याला ८० मिलिवॅट आणि ५६ मिलिॲम्पिअर करंट हवा. छोटं डोंगल इथे धापा टाकतं. ‘ओहम कमी म्हणजे हेडफोन सोपा’ हा समज त्यामुळे सोडून द्यावा. ३०० ओहमवाला व्होल्टेज मागतो, प्लॅनर करंट मागतो, आणि कानात घालायचा इअरफोन काहीच मागत नाही.

यातली मेख अशी, की ज्या हेडफोनांना ॲम्प खरोखर लागतो ते बहुतेक उघड्या पाठीचे असतात. आतला आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. शांत खोलीत त्यामुळेच ते इतके मोकळे वाटतात. गाडीत ते कवडीच्या कामाचे नाहीत. म्हणजे प्रवासात चालेल त्याला ॲम्प नको आणि ॲम्प हवा असलेलं प्रवासात चालत नाही. अपवाद आहेत. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा बंद पाठीचा हेडफोन आहे आणि तो २५० ओहममध्येही मिळतो. पण तोच ३२ आणि ८० ओहममध्येही मिळतो. बाहेर न्यायचा असेल तर त्यांतली एखादी आवृत्ती घ्यावी, विषय संपला.

मग प्रवासात आवाज कमी का पडतो? कारण बाहेरचा गोंगाट. लोकलच्या सेकंड क्लासमध्ये भीमसेन जोशींचा एखादा विलंबित ख्याल लावून पाहा. गाडीने वेग घेतला की सगळ्यात आधी तानपुरा जातो. जवारीची ती अखंड लहर डोक्यावरच्या पंख्याच्या घरघरीत मिसळून जाते. मग बायाँचा घुमारा जातो आणि तबला म्हणजे नुसती चाटेवरची टिकटिक उरते. मग मींडेची शेपटं तुटू लागतात. उरतो फक्त मधल्या पट्टीतला आवाज, तोही समेवरचा. ऐकणारा काय करतो? आवाज वाढवतो. गेलेला बायाँ परत आणायला तो आवाज इतका चढवावा लागतो, की तार सप्तकातली तान कानात टोचू लागते. ॲम्प इथे एवढंच करतो, की टोचण्याची मर्यादा आणखी वर नेऊन ठेवतो. बेस ठासून भरलेले स्वस्त इअरफोन आपल्याकडे इतके का खपतात, याचं एक कारण हेच असावं. खालचे स्वर गोंगाटात आधी बुडतात, म्हणून ते आधीच फुगवून द्यायचे.

आता दुसऱ्या बाजूने बघा. कानात नीट बसलेली टिप बाहेरचा आवाज २० डेसिबलने खाली आणते. २० डेसिबल म्हणजे शक्तीच्या हिशेबात शंभर पट. कोणता खिशातला ॲम्प शंभर पट शक्ती देतो? काही रुपयांची फोमची टिप देते. १९९१ मध्ये अमेरिकेच्या एटिमॉटिक कंपनीने ईआर-४ हा इअरफोन काढला, तो याच विचारातून. कंपनी मुळात श्रवणशास्त्राच्या संशोधनातली, संस्थापक मीड किलियन श्रवणयंत्रांचे जाणकार. तीन थरांची छत्री असलेली टिप कानात खोलवर सारायची आणि जग बंद. १९९५ मध्ये जेरी हार्वी यांनी व्हॅन हेलन या रॉक बँडच्या ड्रमवादकासाठी मंचावर वापरायचा इअरफोन घडवला. त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. ढोलताशांच्या तोडीच्या गदारोळातही आवाज न वाढवता ऐकता यावं, हाच तिथेही हेतू. आज बाजारात ज्याला ‘आयईएम’ म्हणतात तो प्रकार या दोन घराण्यांतून आला आहे.

आणि तरीही दहातले आठ जण टिप नीट बसवत नाहीत, असं माझं गाडीतलं निरीक्षण आहे. खोक्यात तीन मापांच्या टिपा येतात. लोक आधीच लावलेली मधली तशीच ठेवतात आणि बाकीच्या खोक्यासकट माळ्यावर जातात. खरं म्हणजे आपल्या दोन कानांचं मापही सारखं नसतं. फोमची टिप असेल तर ती बोटांच्या चिमटीत वळून बारीक करायची, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, टिप आत सरकवायची आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायची. बसली की स्वतःचा आवाज डोक्यात घुमायला लागतो, ती खूण. टिप कोणतीही असो, वायर कानावरून मागे घ्या, म्हणजे ती शर्टाला घासून होणारी खरखर कानात येत नाही. बेस अचानक दुप्पट झाल्यासारखा वाटेल. तो इअरफोनमध्ये होताच, फटीतून गळत होता.

गोंगाट मारण्याचा दुसरा मार्ग विजेचा. बोस कंपनीचे अमर बोस, वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले, १९७८ मध्ये झुरिचहून बोस्टनला निघाले असताना विमानात दिलेला हेडफोन इंजिनाच्या आवाजात काहीच ऐकू देईना, म्हणून विमानातच आकडेमोड करत बसले. बाहेरच्या लहरीच्या नेमकी उलटी लहर आत सोडायची, म्हणजे दोन्ही एकमेकींना खातील. त्यातून वैमानिकांचा हेडसेट यायला १९८९ उजाडलं आणि सर्वसामान्यांसाठी क्वाएटकम्फर्ट आला २००० मध्ये. आज हजार-दोन हजारांच्या इअरबडवरही ‘एएनसी’ छापलेलं असतं. एक मर्यादा सगळ्यांना सारखीच लागू आहे: हे तंत्र सखल, सलग आवाजावर चालतं, साधारण १००० हर्ट्झच्या खाली. एसटीचं इंजिन, विमानाची घरघर, मेट्रोचा एसी यांवर ते जादू करतं. माणसाचं बोलणं, फेरीवाल्याची आरोळी यांवर अर्धवट. आणि सकाळच्या गाडीतल्या भजनी मंडळाच्या टाळांपुढे तर जगातलं सर्वांत महाग एएनसीही हात टेकतं. तिथे टिपच कामाला येते.

बंद कानाचा खरा फायदा कानालाच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाबरोबर ठरवलेली मर्यादा अशी: ८० डेसिबलच्या सरासरीने आठवड्याला ४० तास. पातळी ३ डेसिबलने चढली की वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० ला जेमतेम ४. विरारहून चर्चगेटला येणारा माणूस जाऊन-येऊन रोजचे तीन तास कानात काहीतरी घालून असतो. सहा दिवसांचे १८ तास झाले. ८० वर ऐकत असेल तर तो निर्धास्त, ८६ वर ऐकत असेल तर गुरुवारी सकाळच्या गाडीतच त्याचा आठवड्याचा कोटा संपलेला. हे सहा डेसिबल म्हणजे सैल बसलेल्या टिपेचा फरक. ॲम्पच्या जाहिरातीत ‘भरपूर हेडरूम’ असं अभिमानाने लिहिलेलं असतं, तेव्हा हे आठवावं. रूळ आणि रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही कान मोकळे हवेत, त्याला पर्याय नाही. पहाटे रस्त्याकडेने फिरणाऱ्यांसाठी कॉसचा पोर्टा प्रो आहे, १९८४ पासून जवळपास त्याच रूपात मिळणारा, उघडा आणि हलका. किंवा गालाच्या हाडातून ऐकवणारे हेडफोन आहेत. दोन्हींना फोन पुरतो.

किमतीचं काय? येरोन ब्रीबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापं किमतींशी ताडून पाहिली. किंमत आणि स्वरसमतोल यांत कसलाच संबंध सापडला नाही. महाग हेडफोनची घडण चांगली असेल, गादी मऊ असेल, वायर बदलता येत असेल. तो सुरात अधिक खरा असेलच, असं नाही. त्याआधी हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी लोकांना हेडफोनचं नाव न कळू देता ऐकवून पाहिलं, तेव्हा चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा वाजणारा हेडफोन बहुतेकांना आवडतो असं दिसलं. त्यातून जो आलेख निघाला तो समोर ठेवून आता मूनड्रॉपसारख्या चिनी कंपन्या दोन हजारांच्या आत असे इअरफोन विकतात, की दहा वर्षांपूर्वी त्यासाठी दहापट पैसे मोजावे लागले असते. हा या क्षेत्रातला गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा बदल आहे. ॲम्पच्या बाजूला असं काही घडलेलं नाही, कारण तिथे सुधारायला फारसं उरलंच नव्हतं.

दुकानात ऐकताना दुकानदाराने लावलेलं गाणं ऐकू नका. त्याने ते त्याच हेडफोनला शोभेल असं निवडलेलं असतं. आपल्या ओळखीचं लावा. किशोरी आमोणकरांच्या गाण्यात तानपुरा आणि स्वरमंडळ वेगवेगळे कळतात का, बायाँ घुमतो की नुसता धपधपतो, हे पाहा. ‘सैराट’चं संगीत लावा, त्यातला वाद्यवृंद हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला आहे आणि सगळी वाद्यं एकदम उठतात तेव्हा चिखल होतो की थर दिसतात, हे लगेच समजतं. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांवर मात्र कोणताही हेडफोन तोलू नका. त्यांत वरचे स्वर मुळातच नाहीत. चकचकीत इअरफोन तिथे फक्त खरखर मोठी करून देतो.

वायरलेसचा निकाल लोकांनी केव्हाच लावला आहे. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून जॅक गेला, पाठोपाठ एअरपॉड्स आले, आणि आता गाडीत वायर दिसली तर लोक वळून बघतात. आवाजाच्या दृष्टीने फार काही बिघडलं नाही. सोनीचा एलडॅक हा ब्लूटूथने आवाज पाठवण्याचा प्रकार सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो, पण आयफोन तो चालवत नाही, त्याचा भर एएसीवर. आणि दादरच्या पुलावर शेकडो ब्लूटूथ एकमेकांत घुसलेले असताना एलडॅक स्वतःच ३३० वर उतरतो किंवा तुटतो. गोंगाटात हा फरक कळतही नाही. खरी अडचण बॅटरीची. त्या चिमुकल्या सेलची उमर दोन-तीन वर्षं, बदलता येत नाही, आणि मग सुस्थितीतला स्पीकर कचऱ्यात जातो. वायरचा, दोन पिनांनी वायर सुटी होणारा इअरफोन सांभाळला तर दशकभर चालतो. इअरबडमध्ये ॲम्प आतच बसवलेला असतो, तेव्हा ते वापरणाऱ्याला हा प्रश्नच नाही.

वायर पसंत असेल आणि फोनला जॅक नसेल तर डोंगल घ्यावंच लागतं. रस्त्यावर शंभर रुपयांत मिळणारी पिन आणि डोंगल सारखीच दिसतात, पण अशा कितीतरी पिनांत चिपच नसते. फोन स्वतः यूएसबी-सीमधून ध्वनी सोडत असेल तरच त्या वाजतात. ॲपलचं हजार रुपयांच्या आसपासचं डोंगल मोजमापांत त्याहून कितीतरी महाग यंत्रांच्या पंक्तीला बसतं. फक्त काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज पुरता उघडत नाही, म्हणून घेण्यापूर्वी आपल्या फोनवर लावून पाहावं. त्याच्या वरच्या पायरीवर ४.४ मिलिमीटरचा बॅलन्स्ड जॅक असलेली डोंगलं येतात. बॅलन्स्ड म्हणजे दुप्पट व्होल्टेज, शक्ती चौपट. प्लॅनर इअरफोन असेल तर उपयोग. साध्याला काहीच नाही. तिसरा प्रकार मला सर्वांत शहाणा वाटतो: क्युडेलिक्स ५के किंवा फियोच्या बीटीआर मालिकेसारखा, शर्टाला चिमटा लावून अडकवायचा ब्लूटूथ ॲम्प. फोन खिशात, वायर छातीपर्यंतच, आणि आत इक्वलायझर. उभ्याने प्रवास करणाऱ्याचा हात त्यामुळे मोकळा राहतो.

उरला तो जुन्या पद्धतीचा बॅटरीवाला ॲम्प, फोनच्या पाठीला रबर बँडने बांधायचा. इंग्लंडच्या कॉर्ड कंपनीचा मोजो हा त्यातला नावाजलेला, २०१५ चा. यंत्र म्हणून देखणं आहे. पण ती दुहेरी वीट, मधली लोंबती वायर आणि विटेची उष्णता घेऊन मेट्रोच्या तपासणीतून जायचं, हा ज्याचा त्याचा शौक. हॉटेलच्या खोलीत किंवा गावच्या घरी मोठा हेडफोन ऐकणाऱ्यासाठी तो ठीक. आयईएमला असा दणकट ॲम्प लावला तर उलट त्रास होतो: शांत जागी मागे ‘स्स’ असा आवाज येतो आणि व्हॉल्यूमची खुंटी जरा हलवली की कान बधिर. घेतलाच तर दोन गोष्टी बघा. त्याला ‘लो गेन’चं बटण हवं, आणि त्याचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्श्याच्या आत हवा. अनेक ड्रायव्हर असलेल्या इअरफोनचा इम्पिडन्स स्वरागणिक बदलतो. ॲम्पचा इम्पिडन्स १० ओहम असेल तर तोच इअरफोन वेगळ्याच सुरात वाजू लागतो, आणि मालक त्याला ‘ॲम्पचं वळण’ म्हणून वाखाणतो.

चांदीच्या वायरी, दोनशे तास वाजवून हेडफोन ‘पिकवणं’, १९२ किलोहर्ट्झच्या फायली यांवर प्रवासाच्या संदर्भात वेळ घालवायची गरज नाही. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये घेतलेल्या चाचण्यांत वरच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण सीडीच्या पातळीवर उतरवलेलं ऐकणाऱ्यांना ओळखता आलं नव्हतं, आणि तेही शांत खोलीत.

तेव्हा पाच हजार रुपये असतील तर असं करा. दोनेक हजारांचा, वायर सुटी होणारा आयईएम घ्या, पाचशेच्या आत फोमच्या आणि सिलिकॉनच्या वेगवेगळ्या टिपा, हजाराचं डोंगल, आणि उरलेले घरी ठेवा. वायर नकोच असेल तर सगळे पैसे चांगल्या एएनसीच्या इअरबडवर घाला आणि तीन वर्षांनी पुन्हा घालायची तयारी ठेवा. गाडीत फोनचा आवाज निम्म्याच्या वर न्यावा लागत असेल तर आधी टिप बदला, मग इअरफोन. ॲम्पचा विचार त्यानंतरही फक्त तुमच्या हेडफोनचे दोन आकडे मागत असतील तरच. आणि काही महिन्यांनी एक बाजू हळू वाजू लागली, तर नवा घेण्याआधी टिप काढून नळीच्या तोंडावरची जाळी उजेडात धरून पाहा. बहुतेक वेळा तिथे कानातला मळ बसलेला असतो आणि कोरड्या, मऊ ब्रशने तो निघतो.